माग आपला, मालकी कुणाची?

गेल्या वर्षी आठ मार्चच्या मेळाव्याला आमच्या तालुक्यात अडीचशे बायका आल्या होत्या. गाणी झाली, भाषणे झाली, शेवटी फुगड्या झाल्या. मी फोटो काढले आणि त्याच संध्याकाळी आमच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. कुणीतरी ते पुढे पाठवले, तिथून आणखी कुणी. एका फोटोत तिसऱ्या रांगेत एक बाई बसली होती. तिच्या मागे आमचा कापडी फलक होता आणि त्यावर गावाचे नाव ठळक अक्षरांत.

ती बाई सात महिन्यांपूर्वी नवऱ्याचे घर सोडून आली होती. सोबत दुसरीतली मुलगी. मावशीकडे राहत होती, शिवणकामाच्या कारखान्यात नुकतीच लागली होती. तिचे नाव-गाव इथे लिहीत नाही. लिहिले तर एकदा केले तेच पुन्हा केल्यासारखे होईल. मेळाव्यानंतर चौथ्या दिवशी नवरा आणि दोन दीर मावशीच्या दारात उभे राहिले. फोटो फिरत फिरत नवऱ्याच्या चुलतबहिणीच्या फोनवर पोहोचला होता. आरडाओरडा झाला, शेजारीपाजारी जमले म्हणून मारहाण टळली. पण त्याच रात्री तिला मुलीला घेऊन दुसरीकडे जावे लागले. काम गेले. मुलीची शाळा सुटली.

पुढच्या आठवड्यात ती भेटली तेव्हा रडली नाही. एवढेच म्हणाली, "ताई, शिबिरात तुम्ही संमती, संमती म्हणता. मग फोटो टाकताना मला विचारलं का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात 'गोपनीयता' या विषयावर मी पानेच्या पाने लिहिली आहेत. केसची फाइल मी कुलपात ठेवते. आणि तिचा चेहरा मात्र मी साठ जणींच्या हातात देऊन मोकळी झाले होते. तिच्या त्या प्रश्नामुळे हा लेख लिहावा लागतो आहे.

दोष कुणाचा?

झाल्या प्रकारावर आमच्या बैठकीत चर्चा झाली. एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "तिनं स्वतःच मागं बसायला हवं होतं." दुसरी म्हणाली, "बायकांच्या हातात हे फोन आले तेव्हापासूनच हा ताप सुरू झालाय." पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो तर तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न तिलाच केला, "फोन कशाला वापरता मग?"

मैत्रिणींनो, ही भाषा ओळखीची नाही का? रात्री बाहेर कशाला गेली? असे कपडे का घातले? त्याच्याशी हसून का बोलली? या प्रश्नांना आपण चाळीस वर्षे उत्तरे देत आलो. आता तेच प्रश्न नवे कपडे घालून आले आहेत. फोटो का टाकला? नंबर का दिला? ते अ‍ॅप का घेतले? आणि खेदाची गोष्ट अशी की ते आपल्याच बैठकीत, आपल्याच तोंडून येत आहेत.

माणूस चालला की पाऊल उमटते. जगायचे तर माग राहणारच. रेशन घ्यायचे तर अंगठा, गॅस नोंदवायचा तर नंबर, मुलीला शाळेत घालायचे तर आधार, पैसे पाठवायचे तर फोन. यातले काहीही बाईने हौसेने केलेले नाही. तेव्हा पाऊल का उमटले, हा प्रश्नच चुकीचा आहे. ते पाऊल मोजून, साठवून, विकून, तिचा पाठलाग करतो कोण आणि त्याला तो हक्क दिला कुणी, हा खरा प्रश्न आहे. या लेखात मी त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करणार आहे.

फोन तिचा, चावी त्याची

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बहुतेक बायकांचे फोन त्यांनी स्वतः सुरू केलेले नसतात. नवऱ्याने, दिराने, मुलाने किंवा दुकानदाराने सुरू करून दिलेले असतात. फोन चालू करताना जे खाते उघडावे लागते त्याचा ईमेल आणि पासवर्ड त्याच्याकडे. ती फक्त फोन करते आणि भजने ऐकते. पण त्या खात्यातून तो दुसऱ्या फोनवर बसल्या जागी पाहू शकतो की हा फोन आत्ता कुठे आहे, काल कुठे होता, त्यात कुठले फोटो निघाले. बँकेचा संदेश त्याच्या नंबरवर जातो, म्हणून तिने एटीएममधून दोनशे रुपये कुठल्या गावात काढले तेही त्याला कळते. बाई घर सोडते तेव्हा अंगावरच्या साडीनिशी निघते, पण हातात फोन असतो. नवरा त्या फोनला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक धरून बसलेला असतो.

ज्याच्याकडे पैसा आहे तो आणखी पुढे जातो. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांच्या कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकणारी टोळी उघड केली, तेव्हा अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेरही होते. नवरा-बायकोची भांडणे हा अशा गुप्तहेरांचा नेहमीचा धंदा आहे.

मग कायदा काय म्हणतो? एक कलम आपल्या कामाचे आहे. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंडविधानात पाठलागाचा गुन्हा आला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. बाई इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक साधने कशी वापरते यावर पाळत ठेवणे हाही त्यात पाठलाग मानला आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि या कलमात नवऱ्याला सूट दिलेली नाही. हे वाक्य प्रत्येक सल्ला केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवावे, कारण ठाण्यात गेल्यावर "नवराच आहे ना, बघितला फोन तर काय झालं?" हे ऐकावे लागणारच आहे.

मात्र माहितीच्या संरक्षणासाठी म्हणून जो खास कायदा आला, तो नेमका कुठे थांबतो बघा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. या कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागू नाही. कंपनीला लागू, घराला नाही! बाईला घरात मारले तर 'घरची बाब', विवाहांतर्गत बलात्कार ही 'घरची बाब', आणि आता घरातली पाळतही 'घरगुती कारण'. एकविसाव्या शतकातला कायदासुद्धा त्याच जुन्या उंबऱ्याशी येऊन अडखळतो.

काही जण म्हणतील, प्रत्येक घरातल्या फोनच्या यादीवर सरकारने नियम लावायचे का? नाही. आईने मुलीचा वाढदिवस फोनमध्ये नोंदवला तर त्याला कायदा नको. पण हिंसेसाठी, धाक घालण्यासाठी केलेली पाळत आणि वाढदिवसाची नोंद यात फरक करता येत नाही का? २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा करताना घराच्या आत कायदा नेता येतो हे आपण दाखवून दिलेच आहे.

न्यायालयातला माग

१४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जोडीदाराचे फोनवरचे बोलणे चोरून रेकॉर्ड केलेले असले तरी वैवाहिक खटल्यात ते पुरावा म्हणून चालेल. तो खटला नवऱ्याने बायकोचे बोलणे रेकॉर्ड केल्याचाच होता. पाळत ठेवावी लागते तिथे विश्वास आधीच संपलेला असतो, असा न्यायालयाचा विचार.

यावर आपल्यातही दोन मते आहेत आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजेत. हुंड्यासाठीच्या धमक्या, जिवे मारण्याच्या धमक्या आपल्या बायकांनीही रेकॉर्ड करून न्यायालयात दिल्या आहेत. चार भिंतींच्या आत साक्षीदार नसतो. तो आवाजच साक्षीदार असतो. तेव्हा हा दरवाजा सरसकट बंद करा असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्या हातात फोन, पैसा, खाते आणि वकील आहे त्यालाच हा दरवाजा जास्त रुंद उघडतो, हेही नाकारून चालणार नाही. ती मारहाणीची तक्रार करते; तो तिच्या मैत्रिणीशी झालेल्या गप्पांची पाने आणतो. मग खटला मारहाणीचा राहत नाही, तिच्या चालीचा होतो.

आपल्या चळवळीची सुरुवात आठवा. मथुरा. १९७२, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, पोलीस ठाण्यातला बलात्कार. पोलीस सुटले, त्यात तिला आधी शरीरसंबंधांचा अनुभव होता ही गोष्ट तिच्याविरुद्ध वापरली गेली. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला खुले पत्र लिहिले आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. बलात्कारित बाईचे चारित्र्य न्यायालयात काढण्याची मुभा देणारे पुराव्याच्या कायद्यातले कलम रद्द व्हायला २००२ साल उजाडले. एवढ्या वर्षांच्या लढ्याने जे दार बंद केले, ते चॅट आणि फोटोंच्या वाटेने पुन्हा उघडू द्यायचे का? तेव्हा शरीरावरची खूण वाचली जात होती, आता फोनमधली.

कर्ज, पाळी आणि बाजार

घरातून बाहेर येऊ. टाळेबंदीच्या काळात हाताला काम नव्हते आणि बचत गटाचे हप्ते थांबत नव्हते, तेव्हा अनेक बायकांनी फोनवरून पाच-दहा हजारांचे झटपट कर्ज काढले. अ‍ॅपने कर्ज देण्याआधी फोनमधली सगळी नावे आणि फोटो उचलले. हप्ता चुकला की बाईचा चेहरा लावलेला नागडा फोटो तयार करून तो तिच्या भावाला, दिराला, शाळेतल्या बाईंना पाठवायचा! सावकार पूर्वी दारात येऊन शिव्या द्यायचा. हा सावकार एका वेळी दोनशे दारांत जातो. तारण म्हणून त्याने सोने घेतले नव्हते, बाईची अब्रू घेतली होती. बाईची अब्रू ही गहाण टाकता येण्यासारखी वस्तू आहे, हे त्याला आपल्या समाजानेच शिकवले.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये पाहणी केली तेव्हा अशी सुमारे १,१०० अ‍ॅप आढळली आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेने नियम केला की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधली नावांची यादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावू नये. नियम चांगला आहे. पण जे अ‍ॅप मुळात बेकायदाच आहे ते नियम वाचायला बसत नाही. म्हणून गटात कर्जाचा विषय निघाला की हा नियम सांगितला पाहिजे, आणि फसलेल्या बाईला "कशाला घेतलंस?" असे विचारण्याऐवजी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तिच्यासोबत बसून फोन लावला पाहिजे.

शहरातल्या शिकलेल्या मुलींचा माग आणखी वेगळ्या ठिकाणी जातो. पाळीची तारीख लक्षात ठेवणारी अ‍ॅप आहेत. २०१९ मध्ये प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने तपासणी करून दाखवले की 'माया' नावाचे भारतात बनलेले अ‍ॅप मुलींनी भरलेली माहिती फेसबुककडे पाठवत होते. बोभाटा झाल्यावर कंपनीने ती सोय काढली. पाळी कधी आली, पोट दुखले का, संबंध आला का, ही माहिती जाहिरातदाराला सोन्यासारखी. गरोदर बाई नव्या नव्या वस्तू विकत घेते, म्हणून ती बाजाराला हवी असते. जी गोष्ट मुलगी आईला सांगायला लाजते, ती बाजाराला आधी कळते. आणि बाजाराला कळलेले सरकारलाही कळू शकते: अमेरिकेत नेब्रास्का राज्यात २०२२ मध्ये गर्भपाताच्या प्रकरणात मायलेकींचे फेसबुकवरचे खासगी संदेश पोलिसांनी वॉरंट काढून मिळवले आणि पुढच्या वर्षी दोघींनाही तुरुंगवास झाला.

लाडकी बहीण आणि नवऱ्याचा ओटीपी

आता सरकारकडे वळू. जून २०२४ मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. महिना १,५०० रुपये. दोन कोटींहून अधिक बायकांनी आपले आधार, बँक खाते, उत्पन्न, रेशन कार्ड असे सगळे सरकारपुढे ठेवले. निवडणुकीच्या आधी अर्ज भरताना कुणी फार विचारले नाही. निवडणूक झाल्यावर बायका अचानक संशयित झाल्या. घरात चारचाकी आहे का, दुसऱ्या योजनेचे पैसे मिळतात का, वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या आणि २०२५ च्या मध्याला सव्वीस लाखांहून अधिक नावे संशयाखाली आली. खोटे अर्जदार नव्हते असे मी म्हणत नाही; हजारो पुरुषांनी पैसे उचलल्याचेही उघड झाले. पण बाईने एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामासाठी वापरताना तिला एका शब्दानेही विचारले गेले नाही.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. विवाहित बाईने नवऱ्याचा आणि अविवाहित मुलीने वडिलांचा आधार क्रमांक द्यायचा, आणि त्याच्या फोनवर आलेला ओटीपी भरायचा. योजना बहिणीची, पण किल्ली पुन्हा नवऱ्याच्या खिशात! ओरड झाल्यावर, पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित बायकांसाठी मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश देण्याची वाट काढली गेली. पण परित्यक्तेचे काय? योजनेच्या पात्रतेत 'परित्यक्ता' हा शब्द आहे. परित्यक्तेकडे मात्र कागद नसतो. कागद नाही म्हणून तर ती परित्यक्ता. नवऱ्याने टाकले त्याची पावती कुठले कार्यालय देते? आमच्याकडे अशा बायका आल्या ज्यांना पंधराशे रुपयांसाठी, सहा वर्षे तोंड न पाहिलेल्या नवऱ्याला फोन करावा लागला. "ओटीपी सांग ना." त्याने काय काय ऐकवले असेल ते वेगळे सांगायला नको. ज्या माणसापासून ती लपून होती त्याला सरकारने तिचा फोन करायला लावला. अशी अट घालण्याआधी एखाद्या परित्यक्तेला विचारले असते तर तिने एका मिनिटात हा धोका सांगितला असता.

२०२३ च्या कायद्यात याला अडवणारे काही आहे का? त्याच्या कलम ७ नुसार अनुदान, लाभ, सेवा देण्यासाठी सरकारला माहिती वापरायची असेल तर वेगळ्या संमतीची गरज नाही. कंपनीने चूक केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो जातो सरकारी तिजोरीत. जिची माहिती फुटली तिला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे कलम ४३-अ होते तेही वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले तर तिलाच दहा हजारांपर्यंत दंड.

आणि याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी व्यापक जनहित असेल तर अधिकाऱ्याची वैयक्तिक माहितीही मागता येत होती. नोव्हेंबर २०२५ पासून 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हटले की नकार देता येतो. कलम ८(२) मध्ये जनहिताचा मार्ग शिल्लक आहे असे सांगतात. पण नकार मिळाल्यावर अपिलात कोण किती वर्षे घालवणार? रेशन दुकानदाराच्या याद्या, रोजगार हमीची हजेरी, कुठल्या ठेकेदाराला किती पैसे, हे ज्या कायद्याच्या जोरावर बायकांनी बाहेर काढले, त्याची धार बोथट झाली. बाईची माहिती सरकारला उघडी आणि साहेबाची माहिती बाईला बंद. खासगीपणाच्या नावाखाली हे घडते, हे लक्षात ठेवा.

जात, धर्म आणि यादी

बाईचा माग समाजालाही हवा असतो, कारण तिने कुणाशी लग्न केले यावर जात टिकते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते, कुणीही पाहू शकतो. स्वजातीत, स्वधर्मात लग्न करणाऱ्यांना ही अट नाही. जोवर कागद भिंतीवर होता तोवर तो पाहायला कचेरीत जावे लागे. केरळात हे अर्ज संकेतस्थळावर टाकले जात. तिथून ते उचलून धर्मांध गटांनी समाजमाध्यमांवर फिरवले, आणि जुलै २०२० मध्ये तिथल्या सरकारला ते बंद करावे लागले. महाराष्ट्राने उलटी वाट धरली. १३ डिसेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची, पळून जाऊन केलेल्या लग्नांचीसुद्धा, माहिती गोळा करणारी समिती नेमली. टीका झाल्यावर 'आंतरजातीय' शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' ठेवला. ज्या राज्यात सत्यशोधक विवाहांची परंपरा आहे तिथे सज्ञान मुलीच्या लग्नाची यादी महिला व बालविकास खाते करणार!

यादीचे पुढे काय होऊ शकते ते जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये दिसले. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या असलेल्या मुस्लिम बायकांचे फोटो त्यांच्याच समाजमाध्यमांवरच्या खात्यांतून उचलून 'सुल्ली डील्स' आणि 'बुल्ली बाई' नावाच्या अ‍ॅपवर त्यांचा लिलाव मांडला गेला. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटका केल्या. पण २०२३ च्या कायद्यात हीही एक सूट आहे: बाईने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागू नाही. म्हणजे फोटो उघडा ठेवला तर तो कुणाचाही. चौकात उभी राहिली तर ती कुणाचीही, याहून हे वेगळे आहे का?

'लपवण्यासारखे काय आहे?'

"आपण काही गैर करत नाही, मग लपवायचे कशाला?" हे वाक्य शिबिरात हमखास येते. ज्याने कधी कुणापासून पळ काढलेला नाही त्यालाच ते सुचते. मार खाणाऱ्या बाईला पत्ता लपवायचा असतो. एचआयव्ही असलेल्या बाईला अहवाल, दुसऱ्या जातीच्या मुलावर प्रेम करणाऱ्या मुलीला त्याचे नाव, भाड्याच्या घरासाठी आडनाव लपवायचे असते. यांतल्या कुणीही गुन्हा केलेला नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच विचारातून येतो. 'खासगी' या शब्दाशी आपण भांडत आलो. खासगीच्या पडद्याआडच तर बायका जळाल्या. मग आता त्याच शब्दाचा जयजयकार कसा करायचा? मला वाटते, यात विसंगती नाही. आपण घराच्या खासगीपणाविरुद्ध लढलो, म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या मनमानीविरुद्ध. बाईचा खासगीपणा ही वेगळी गोष्ट आहे. तो तिला घरातही कधी मिळाला नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यातल्या मुख्य निकालपत्रात पुरुषप्रधानता झाकण्यासाठी या हक्काची ढाल होऊ नये हेही नमूद आहे. तो हक्क व्यक्तीचा आहे, घराच्या भिंतींचा नाही. आपली मांडणी याहून वेगळी कधी होती?

आधी आपले घर

शेवटी आपल्याबद्दल. आमच्या संस्थेत आम्ही मोजायला बसलो तेव्हा लाज वाटली. दहा वर्षांत चार निधी देणाऱ्यांना पाठवलेल्या याद्यांमध्ये बायकांची नावे, गावे, जाती, मारहाणीचे प्रकार, फोन नंबर. त्या याद्या आता कुणाच्या संगणकात आहेत ते आम्हालाच माहीत नाही. तीन जुन्या कार्यकर्त्या काम सोडून गेल्या, केसचे फोटो त्यांच्या फोनमध्ये तसेच. सरकारकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे होती.

तेव्हा आम्ही काही गोष्टी ठरवल्या, त्या तुमच्यापुढे ठेवते. फोटोआधी विचारायचे, आणि नको म्हणणाऱ्या बायकांना बसायला वेगळी जागा ठेवायची. कारण विचारायचे नाही. केसची चर्चा ग्रुपवर करायची नाही. निधी देणाऱ्याला आकडे द्यायचे, नावे नाहीत. तो अडून बसला तर आपणही अडून बसायचे. काम संपले की यादी नष्ट करायची. घर सोडू पाहणाऱ्या बाईसोबत बसून तिच्या फोनमधले खाते, ठिकाण, बँकेचा नंबर तपासायचे. पण तिची राहण्याची सुरक्षित सोय होण्याआधी काहीच बंद करायचे नाही, कारण दोरी तुटल्याचे कळताच तो चवताळतो, आणि पुढे तक्रारीसाठी पुरावाही लागतो. 'फोन वापरू नका' हा सल्ला मात्र कुणालाही द्यायचा नाही. फोन काढून घेणे हे नवऱ्याचे काम आहे, आपले नाही.

यातून आपल्या मागण्याही निघतात. कुठल्याही योजनेत बाईच्या हक्काला नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारची अट नको. परित्यक्तेचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरा. माहिती संरक्षण कायद्यातली 'घरगुती' सूट हिंसा आणि पाळत यांना मिळता कामा नये. माहिती फुटलेल्या बाईला भरपाई द्या. माहिती अधिकारातला बदल मागे घ्या. विशेष विवाहाची नोटीस आणि २०२२ ची समिती रद्द करा.

हे होईल का, असे विचारणाऱ्यांना २०२१ ची आठवण देते. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल एकजुटीने सरकारलाच परत केले होते. यंत्र हातात दिले म्हणून मुकाट वापरलेच पाहिजे असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

ती बाई आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. कामाला लागली आहे, मुलगी तिसरीत गेली. हा लेख छापायला देण्याआधी मी तिला फोनवर पूर्ण वाचून दाखवला. दोन वाक्ये तिने काढायला लावली, ती काढली. बाकीचे छापा म्हणाली.

पुढच्या अंकासाठी प्रत्येक गटाने एवढे लिहून कळवावे: तुमच्याकडे बायकांची कोणती माहिती आहे, ती कुणाकुणाच्या हातात आहे, आणि ती देताना त्या बाईला कुणी विचारले होते का? नावे मात्र लिहू नका.